ससा जेवेनासा झाला म्हणजे

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लिहून काढून दिले आहे.)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, आणि त्यानंतर चूल, मुले, सासर यांत दिवस गेले. या जागेवर उभे राहून आजवर भगिनींनी पापडावर, मसाल्यावर, मुलांच्या अभ्यासावर छान छान सांगितले. मी सशावर बोलणार हे कळल्यावर काहीजणी पदराआड हसल्या, ते मी पाहिले. हसावे, माझी ना नाही. पण आमच्या एका आळीतच पाच घरी ससे आहेत, आणि गेल्या वर्षभरात त्यांतले दोन गेले. दोन्ही घरची मुले दोन दोन दिवस धड जेवली नाहीत. आणि दोन्ही घरच्या बायांनी मला जे सांगितले ते शब्दसुद्धा एकच होते, "काल सकाळपासून खात नव्हता, म्हटले उद्यापर्यंत पाहू." या 'उद्यापर्यंत पाहू'विषयीच मला आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्या घरांतून एक जुनी समजूत आहे, की पोट बिघडले तर लंघन करावे. पोराला अपचन झाले, की आजी म्हणते, आज राहू दे उपाशी, पोटाला विसावा मिळेल. माणसाच्या बाबतीत पुष्कळदा ते खरे ठरते. कुत्र्याचेही तसेच. कुत्रा बिघडला तर चार गवताच्या काड्या खातो, ओकतो, कोपऱ्यात पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी शेपूट हलवीत ताटापाशी येतो. मांजर आणि कुत्रा पाहून आपण सशालाही तोच नियम लावतो. पण सशाला ओकता येत नाही. त्याच्या पोटाची रचनाच तशी आहे, गेलेले अन्न पुढेच जाणार, मागे येणार नाही. आणि त्याच्या पोटाला विसावा म्हणजे मरणाची सुरुवात.

हे समजावून घेण्यास आपल्याला पुस्तकाची गरज नाही. ज्यांच्या घरी गुरे होती त्या वडीलधाऱ्या बायका इथे बसल्या आहेत. आता भिवंडी तालुक्यात भाताच्या खाचरांत गोदामे उभी राहिली आणि गोठे गेले, तरी त्यांना आठवत असेल. गाय रवंथ करीना झाली तर घरात काय धावपळ होत असे! कोणी म्हणत नसे, की करू द्या तिला लंघन. कारण गवत खाणाऱ्या जनावराचे पोट म्हणजे सतत पेटती चूल, ती विझली की पुन्हा पेटविणे कठीण. ससा दिसावयास मांजराएवढा असला तरी पोटाने तो गाईघोड्यांच्या बाजूचा आहे. रवंथ तो करीत नाही, पण त्याच्या आतड्याला एक मोठी पिशवी असते, आणि तिच्यात घोड्याच्या पोटातल्यासारखे गवत आंबते. आंबविणारे बारीक जंतू त्यात असतात. वरून गवत येत राहिले, की आतडे हलते, जंतू सुखी राहतात. गवत थांबले की आतडे मंदावते, आतले सुकू लागते, भलते जंतू वाढतात, वायू धरतो. वायूने पोट दुखते, दुखते म्हणून ससा खात नाही, खात नाही म्हणून आतडे आणखी मंदावते. असा तो फेरा आहे. बाहेरून कोणी तोडल्याशिवाय तो सहसा तुटत नाही. ससा लठ्ठ असला तर उपाशीपणी अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते, तो धोका निराळाच.

पूर्वी म्हणत, सशाने अंग चाटून चाटून केस गिळले, त्यांचा गोळा अडकला. आता डॉक्टर मंडळी सांगतात, की केस तर प्रत्येक सशाच्या पोटात असतातच, गवताबरोबर वाहून जातात. आतडे मंदावले आणि पाणी कमी पडले म्हणजे ते घट्ट होऊन राहतात. म्हणजे बहुतेक वेळा गोळा हा आजाराचा परिणाम असतो, मूळ कारण दुसरेच असते.

सशाच्या लेंड्यांविषयी बोलताना कोणी नाकाला पदर लावू नये, सगळी परीक्षा तेथेच आहे. चांगला ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या, मोडल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. याशिवाय दुसऱ्या जातीच्या, मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहान घोसासारख्या लेंड्या असतात, त्या तो खाली पडूच देत नाही, अंगाखाली तोंड घालून तेथूनच खातो. माझ्या जावेला हे पाहून शिसारी आली होती. पण ती घाण नव्हे, अर्धे पचलेले अन्नच दुसऱ्यांदा खाण्याची ती त्याची रीत आहे. गाय तोंडात परत आणून चघळते, हा असा चघळतो, इतकेच.

आता आमच्या राणीची हकीकत सांगते. राणी आमच्याकडे आली तेव्हा दोन वर्षांची होती. आधीच्या घरी तिला दाणे, पाव आणि बिस्किटेच मिळत. त्या मंडळींची बदली झाली आणि माझ्या मुलीने तिला उचलून आणले. आमच्याकडे तिला गवत सुरू केले, हळूहळू ती खाऊही लागली, पण लांब काड्या टाकून कोवळी पानेच वेचीत असे. नवरात्रात एके दिवशी सकाळी सात वाजता मी खोका झाडावयास घेतला, तर रात्रीचे गवत जसेच्या तसे. लेंड्या मोजून नऊ, आणि त्याही मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या, एकीला एक केसाने जोडलेल्या. मी कोथिंबीर पुढे केली. कोथिंबिरीसाठी ही राणी माझ्या पायांत घुटमळत असे. त्या दिवशी तिने तोंड फिरविले. कोपऱ्यात पाठीची कमान करून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, आणि जवळ कान नेला तर दातावर दात घासल्याचा आवाज. कान हाताला गार लागले.

घरात सगळ्यांचे उपास. दीर थट्टेने म्हणाले, राणीनेही नवरात्र धरले वाटते. हे रात्रपाळी करून झोपले होते. सासूबाईंचा प्राण्यांवर राग नाही, पण पैशांवर फार लक्ष. सशाला रिक्षा आणि डॉक्टर, हे त्यांच्या कानाला चमत्कारिक वाटले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढेच म्हटले, "आई, तुमच्या माहेरी बैल चारा खाईना झाला तर तात्या काय करत?" सासूबाईंचे माहेर पडघ्याच्या बाजूचे, घरी चार बैल होते. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, राणीला मांडीवर घेतली आणि बैलाच्या कुशीला लावावा तसा तिच्या पोटाला कान लावला. बराच वेळ ऐकले. मग म्हणाल्या, "हिच्या पोटान काय वाजत नाय गो." आणि स्वतःच कपाटातून भिशीचे पैसे काढून माझ्या हातात दिले. शिकलेला डॉक्टर नळी लावून जे ऐकतो तेच म्हातारीने कानाने ऐकले होते. चांगल्या सशाच्या पोटात सारखी बारीक गुडगुड असते.

पहिल्या दवाखान्यात गेलो तेथले डॉक्टर स्पष्ट म्हणाले, मी कुत्रीमांजरी पाहतो, सशांचा मला अनुभव नाही. मला त्यांचा राग आला नाही, उलट बरे वाटले. न समजता सुई टोचण्यापेक्षा हे शंभर पटीने चांगले. त्यांनीच दुसरीकडचा पत्ता दिला. दुर्गाडीच्या पुलावर ट्रकांची रांग, माझा जीव टांगणीला, राणी टोपलीत गप्प. कल्याणच्या त्या दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी पोट चाचपले, ताप पाहिला, फोटो काढला, आणि मग तोंडात बारीक दिवा घालून दाढा पाहिल्या. आतल्या दाढेला काट्यासारखे टोक आले होते आणि ते जिभेला लागत होते.

सशाला अठ्ठावीस दात असतात आणि ते सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. गवत तासन् तास दळून दळून ते झिजावयाचे असतात. पाव-बिस्किटाने ते झिजत नाहीत. पुढचे दात आपल्याला दिसतात, दाढा दिसत नाहीत. म्हणून ससा खाण्याजवळ येतो, तोंड लावतो आणि सोडून देतो, किंवा हनुवटी लाळेने ओली दिसते, अशा वेळी दाढांचा संशय घ्यावा.

राणीला कातडीखाली सलाईन दिले, दुखणे थांबण्याची सुई दिली, आतडे चालविण्याचे औषध दिले. बाई म्हणाल्या, दुखणे थांबले तरच ती खाईल, म्हणून दुखण्याचे औषध आधी. दाढ घासण्याचे काम दोन दिवसांनी, तिला जरा ताकद आल्यावर, भूल देऊन केले. आणि येथे एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. माणसाला भूल द्यावयाची तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, सशाला तसे ठेवीत नाहीत. कोणी तसे सांगितले तर पुन्हा एकदा विचारावे.

घरी आल्यावर दर तीन-चार तासांनी गवताची पूड कालवून पिचकारीने भरवावयाची होती. पिचकारी म्हणजे सुई काढलेले इंजेक्शन. चारी पाय जमिनीवर टेकलेले ठेवून, पुढच्या दातांच्या मागे बाजूने, थोडे थोडे घालावे, ती गिळेपर्यंत थांबावे. उताणे करून कधीही भरवू नये, ते फुप्फुसात जाते. रात्री मुलगी आणि मी पाळीपाळीने जागलो. पहाटे तीनला खोक्यात टपटप वाजले. दिवा लावून पाहिले तर सहा लेंड्या! मुलीने सगळ्या घराला उठविले. रात्रपाळीच्या माणसाला सुटीच्या रात्री लेंड्या दाखविण्यासाठी उठविणे म्हणजे काय ते आपण समजू शकाल. पण हेही हसले, आणि सासूबाईंनी देवीपुढे साखर ठेवली. सगळा खर्च, दाढेसकट, तीन हजारांच्या थोडा आत झाला. तो कमी नाही हे मलाही कळते. आपल्यापैकी ज्यांना ससा आणावयाचा असेल त्यांनी त्याच्या किमतीबरोबर हाही आकडा आधीच मनात धरावा असे माझे मत आहे. क्रॉफर्ड मार्केटातून जनावर आणावयास एक दुपार लागते, ते जगते मात्र आठ-दहा वर्षे.

आता घड्याळाचा हिशेब. एखाद्या वेळेस ससा एक खाणे टाकतो, पण नेहमीसारखा पळतो, लेंड्या टाकतो, आवडीचा पाला दिला तर खातो. अशा वेळी दोन-तीन तास नजर ठेवावी, ताजे गवत आणि उघड्या भांड्यात पाणी ठेवावे. मात्र दहा-बारा तास काहीच खाल्ले नाही, किंवा तितक्याच वेळात लेंडी नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्रीचा काळ त्यात धरावा, कारण आपण झोपतो तेव्हा ससा खरे तर जागा असतो आणि खात असतो. सकाळी उठून पाहिले तर त्याचे आठ तास आधीच गेलेले असू शकतात. बसण्याची ती कमान, दात घासणे, आवडीच्या पाल्याला तोंड फिरविणे, हे एकत्र दिसले तर बारा तासांची वाटसुद्धा पाहू नये.

आणि काही वेळा तर घरातली भाजी चुलीवरून उतरवून निघावे. पोट ढोलक्यासारखे ताठ लागणे, ही पहिली. त्यात आतडे पुरते बंद झालेले असू शकते. अशा सशाला पिचकारीने काहीएक भरवू नये, पोट आणखी तटतटेल. कान गार आणि अंग लुळे पडणे, तोंड उघडून श्वास घेणे (ससा नाकाने श्वास घेतो, तोंड उघडले म्हणजे फार झाले), मान एकीकडे कलंडणे, आणि लहान पिल्लाला पातळ जुलाब होणे, यांतही तास मोजीत बसू नये. ससा हे शिकारीचे भक्ष्य असलेले जनावर आहे. रानात आजारी दिसला तर कोल्हा आधी त्यालाच धरतो. म्हणून तो दुखणे लपवितो, आणि जेव्हा आपल्याला दिसते तेव्हा पुष्कळ वेळ निघून गेलेला असतो.

वैशाखातला प्रश्न आपल्याकडे वेगळा आहे. पुष्कळांच्या घरांवर पत्रे. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकण्यास त्याला कानच काय ते आहेत. तीस अंशांच्या वर तो कासावीस होतो आणि पहिले खाणे सोडतो. दुपारी त्याला मोरीजवळच्या फरशीवर सावलीत ठेवावे, बाटलीत बर्फ करून ती फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, कान ओल्या हाताने पुसावे. थंड पाण्यात बुडवू मात्र नये, त्या धक्क्यानेच जातो. पावसाळ्यात माश्यांची भीती. ससा लठ्ठ किंवा आजारी असला, की मागची बाजू घाण राहते, तेथे माशी अंडी घालते आणि एका दिवसात किडे पडतात. आषाढ-श्रावणात रोज शेपूट उचलून पाहावे.

घरगुती औषधांविषयी मला जरा कडक बोलावे लागते. आळीतल्या त्या दोन सशांपैकी एक नुसता उपाशी राहून गेला नाही. घरात मुलाच्या घशासाठी आणलेले अमॉक्सिसिलिनचे औषध उरले होते, ते प्रेमापोटी त्याला पाजले गेले. त्या बाईंनी मायेनेच केले. पण हे औषध, अ‍ॅम्पिसिलिन आणि क्लिंडामायसिन, ही तोंडाने दिली तर सशाच्या पोटातले चांगले जंतू मारतात. मग विषारी जंतू माजतात, जुलाब लागतात आणि ससा जातो. आपल्या पोराला जे तारते तेच त्याला मारते. तसेच कुत्र्याच्या गोचिडांवर मानेला लावावयाचे फिप्रोनिलचे औषध सशाला विष आहे. ओव्याचे पाणी, एरंडेल, ग्राइप वॉटर यांनीही तो फेरा तुटत नाही, आणि बाटली शोधण्यात वेळ मात्र जातो.

खाण्याचे थोडक्यात सांगते. दहा घासांतले आठ घास गवताचे हवेत. आपल्याकडे गवताला तोटा नाही, तबेल्यावाल्याकडून वाळलेले गवत घ्यावे, बुरशीचा वास येतो का तेवढे हुंगून पाहावे. हरळी उत्तम. गणपतीला दूर्वा निवडताना उरलेल्या राणीच्याच असतात. कल्याण-भिवंडी रस्त्याच्या कडेचे गवत मात्र आणू नये, त्यावर ट्रकांचा धूर बसलेला असतो. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, मेथी थोडी थोडी द्यावी. चित्रात ससा गाजर खातो, पण गाजर गोड असते, दोन चकत्या पुरेत. भात, भाकरी, पाव, बिस्किट, कांदा, लसूण, कच्चा बटाटा अजिबात नको. आणि उचलताना कानाला धरून उचलू नये. झटका देऊन लाथ मारतो तेव्हा त्याचा स्वतःचाच कणा मोडतो.

एका भगिनीने मला विचारले, की शेतात सापडलेले सशाचे पिल्लू पाळले तर चालेल का. चालणार नाही. रानातला आपला ससा आणि हा पाळीव ससा या दोन निराळ्या जाती आहेत. पाळीव मूळचा युरोपातला. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, त्याला धरणे किंवा पाळणे गुन्हा आहे. आणि आई दिसत नाही म्हणून पिल्लू टाकलेले आहे असेही नसते. ती लांब राहते आणि दिवसातून थोड्याच वेळा येऊन पाजून जाते.

डॉक्टरांचे म्हणाल, तर ससा निरोगी असतानाच फोन करून विचारावे, 'आपण ससे पाहता का? रात्री कोण असते?' सरकारी पशुदवाखाने आणि १९६२ या क्रमांकावर येणारी गाडी मुख्यतः गाईम्हशी-शेळ्यांसाठी आहेत, तरी जवळपास सशाचा जाणकार कोण, हे तेथे विचारण्यास हरकत नाही. मोठे दुखणे असेल तर परळ. आपले वाडवडील ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणत, ते सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी बाई साकरबाई यांच्या नावाने आहे, आणि १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तेथेच निघाले. २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचेही लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले आहे. कोठेही निघण्यापूर्वी सशाचे डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हे विचारून निघावे. कोनहून परळ म्हणजे अर्धा दिवस.

नेताना उघड्या पिशवीतून नेऊ नये. झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेला खोका घ्यावा, तळाशी जुना टॉवेल घालावा म्हणजे पाय घसरत नाहीत, आणि थोडे गवतही ठेवावे, वाटेत तोंड लावले तर सोन्याहून पिवळे. शेवटच्या लेंड्या कागदाच्या पुडीत बांधून बरोबर न्याव्यात, डॉक्टर त्या बघतातच. माझ्या हातातली पुडी पाहून दुर्गाडीच्या पुलावर रिक्षावाल्याने विचारले, "मावशी, देवीचा प्रसाद का?" मी काही न बोलता पुडी पदराखाली घेतली. डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी तीच मागितली.